अनुयायी घरून आणावेत

आमच्या घरात एकच माणूस प्रज्ञावंत आहे आणि तिला अजून बुटाची नाडी बांधता येत नाही. ही माझी भाची ओवी, वय वर्षं नऊ. कोथरूडमधल्या एका क्लासने चाचणी घेऊन तसं जाहीर केलं आणि लगेच 'प्रज्ञावंत बालकांसाठी नेतृत्वविकास' या वर्गाची फीही घेतली. (त्या चाचणीत नापास झालेलं मूल अजून कोणी पाहिलेलं नाही!)

मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेली. ताईला सुनावलं, "नेते लोकांतून घडतात. दुसऱ्या मजल्यावर एसीत नाही!"

"तू किती घडवलेस?" असं म्हणून ताई कुकर लावायला गेली.

मग समारोपाची सूचना आली. रविवारी प्रत्येक बालनेत्याने आपला गट टेकडीच्या माथ्यावर न्यायचा. गट फुटल्यास नेता बाद. वर्गात सगळेच नेते, म्हणून खाली ठळक अक्षरांत : 'अनुयायी घरून आणावेत. सोबत टोपी व पाण्याची बाटली.'

ताईचा गुडघा दुखत होता, भावोजी परगावी. ओवी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मावशी, तू होशील माझी अनुयायी?"

"मी कुणाच्याही मागे चालत नाही. तत्त्व आहे."

"मग मी बाद." तिने टोपी माझ्या हातात ठेवली.

रविवारी सकाळी तत्त्व टोपी घालून निघालं.

पायथ्याशी सरांनी शिट्टी वाजवली आणि सगळे नेते एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांना हात करून ओरडू लागले. एक चिमुरडी आपल्या आजोबांवर खेकसली, "आजोबा, फोकस!"

"अगं, दम तर घेऊ दे!"

"नो एक्स्क्यूजेस!"

माझं रक्त उसळलं. मी एका दगडावर चढले. "अनुयायांनो! किती दिवस मागे चालणार? टेकडी काय यांच्या बापाची आहे?"

"वनखात्याची," आजोबा म्हणाले.

"चला माझ्यामागे!"

आणि खरंच सगळे निघाले! आजोबा, कुणाची आत्या, हिंजवडीला नोकरी करणारे, रविवारीही फोनवर "येस, येस" म्हणणारे एक बाबा. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यामागे जनता होती. त्या आनंदात वाट कुठे जाते ते मी बघितलंच नाही. (पत्रकांत वाटेबद्दल कधी काही नसतं!) काट्याकुट्यांतून आम्ही थेट एका जुन्या खाणीच्या काठावर पोचलो. समोर खड्डा. आत्याबाईंची चप्पल तुटली.

"बाई, आता क्रांती डावीकडे की उजवीकडे?" आजोबांनी विचारलं.

तेवढ्यात मागून ओवी आली, माझी विसरलेली बाटली घेऊन. डोळे भरलेले. "मावशी, तूच गट फोडलास?"

तिने नाक पुसलं, आत्याबाईंना पाणी दिलं आणि आजोबांना विचारलं, "आजोबा, तुम्ही इथे रोज येता का? रस्ता कुठून आहे?"

"मागून आहे. पण मला कोणी विचारलंच नाही!"

पुढे आजोबा, मध्ये आत्याबाईंचा हात धरून ओवी, शेवटी आजोबांची आणि आत्याबाईंची पिशवी घेऊन मी. अख्खी जनता माथ्यावर पोचली. तिथे बाकीचे नेते केव्हाचे आले होते. एकेकटे!

सर म्हणाले, "ओवी, नेता मध्ये नसतो, पुढे असतो. बाद!" पहिलं बक्षीस सर्वांत आधी एकट्याने पोचलेल्या मुलाला मिळालं. 'अनुयायांचा अडथळा' त्याने उत्तम पार केला म्हणे!

मी भांडायला पुढे सरसावले, तर सरांनी माझ्याच हातात एक चषक ठेवला. सर्वांत शेवटी, निमूटपणे, सामानासह आल्याबद्दल. वर कोरलं होतं : 'उत्कृष्ट अनुयायी'.

आता तरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं. ओवीने पाय पुढे केला. "मावशी, नाडी."

मी चषक खाली ठेवला आणि वाकून नाडी बांधली.