एकाच ओळखीची दोघं

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका लहानशा ब्रॉडबँड कंपनीत नमिता राउटर सांभाळते. वेसाव्याची मुलगी. आवाज मूळचा खणखणीत, ऑफिसात दाबून बोलते. ग्राहकाच्या घरून निघालेली लाइन तिच्या राउटरमधून टनेलमध्ये, म्हणजे नेटवरच्या बंद वाटेत, शिरते आणि पलीकडच्या मोठ्या कंपनीत उघडते. शिरताना राउटर पलीकडे वर्दी देतो, कोण आलंय: राउटरचं नाव आणि पोर्टचा नंबर. ही ओळख पलीकडच्यांना आखूड हवी होती. आज सकाळी नमिताने ती आखूड केली.

दुपारी सुगंधा पाठारेचा फोन आला.

"अहो, परत गेलं. दोन मिनिटंसुद्धा टिकत नाही."

"ताई, मोडेम बंद-चालू केलात?"

"चारदा केला. आता मलाच बंद-चालू करायचं राहिलंय."

सुगंधा डबिंग करते. घशाच्या ऑपरेशननंतर वर्षभर घरीच होती. आज तीनला ऑडिशन, आवाज घुमू नये म्हणून घरातल्याच गोधड्या लावलेल्या कपाटातून, नेटवर.

"मोबाइलच्या नेटवर घ्याल का, ताई?"

"आवाज तुटतो त्यावर. आणि आवाज तुटला की ते म्हणणार, हिचा घसा अजून बरा नाही."

पावणेतीन होत आले होते. बाजूच्या खुर्चीतून नमिताचा सीनियर यज्ञेश म्हणाला, "मोडेम बदलून दे ना."

"मोडेम नाही रे. लाइन पडत नाहीये, पलीकडचे हाकलतायत तिला."

तिने नोंदी उलगडल्या. हाच ग्राहक पुन्हा आला, जुना काढला. पुन्हा आला, जुना काढला. मग तिच्या लक्षात आलं. आखूड ओळखीत राउटरच्या नावाची पहिली चारच इंग्रजी अक्षरं जात होती. अंधेरीत राउटर दोन, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. चार अक्षरांत दोन्ही सारखेच. रिक्षावालासुद्धा ईस्ट की वेस्ट विचारल्याशिवाय मीटर पाडत नाही, आणि तिने अख्खी अंधेरी एक करून ठेवली होती.

"वाट लागली."

यज्ञेश वाकून बघायला लागला. "जुनं टाक परत."

"जुनं ते घेतच नाहीत आता. वेस्टच्या राउटरला नवं नाव द्यायला लागेल. आणि ते त्यांच्या यादीत चढायच्या आधी दिलं, तर सगळी वेस्ट बाहेर."

तिने पलीकडच्या कंपनीतल्या मिहिरला फोन लावला. तो म्हणाला, "मंजुरी लागते, यार. अर्धा तास धर."

सुगंधाच्याच नंबरच्या पोर्टवर पश्चिमेला कोण होतं? मधुकर नाईक, चार बंगला.

"पाड त्यांचा पोर्ट," यज्ञेश म्हणाला. "एक कमांड. विचारलं तर फॉल्ट म्हणून सांग."

कमांड टाइप झाली होती. नमिताने ती खोडली आणि नाईकांना फोन लावला.

"काका, तुमचं नेट येत-जात होतं ना?"

"दोन डाव हरलो त्यापायी. बुद्धिबळ. नेट जातं, घड्याळ थांबत नाही."

"चूक माझी आहे. पूर्वेच्या एक बाई आणि तुम्ही, पलीकडे एकच माणूस दिसताय. एक आला की दुसरा बाहेर."

"मग त्यांना ठेवा बाहेर."

"तीनला त्यांच्या आवाजाची परीक्षा आहे, काका. वर्षभराने काम मिळतंय. तुम्ही अर्धा तास मोडेम बंद ठेवाल?"

"या डावात समोरच्याचा वजीर मारलाय मी. कळतंय का तुला?"

"मला बुद्धिबळ येत नाही."

"दिसतंच आहे."

फोन कटला. पडद्यावर पश्चिमेची ओळ तशीच होती. दोन मिनिटं उरली. नमिताचा हात पुन्हा कीबोर्डवर गेला, पण तिने कळ दाबायच्या आधीच ओळ आपोआप विझली.

तीन वाजले. पूर्वेची ओळ उभी होती. यज्ञेशने खुर्ची ओढून घेतली. टेबलावरचे दुसरे फोन वाजत होते, अशा जोड्या आणखीही होत्या. दोन मिनिटं गेली, पाच गेली.

काकांचा फोन. "लावू?"

"नको, काका."

थोड्या वेळाने परत. "कसं बोलतायत त्या?"

"ते नाही ऐकू येत इथे. लाइन उभी आहे, एवढंच दिसतं."

"बरं. असू दे मग."

अखेर मिहिरचा मेसेज आला, 'नाव घेतलं.' नमिताने वेस्टचं नाव बदललं आणि काकांना मोडेम लावायला सांगितला. ते नव्या ओळखीने आत आले. सुगंधाची ओळ हलली नाही.

चारच्या सुमाराला सुगंधाने फोन केला. आवाज बसला होता.

"एकदाही तुटला नाही."

"मग? मिळालं काम?"

"नाही. म्हणाले, आईच्या भूमिकेला जाड पडतो आवाज." ती खाकरली. "सोमवारी सासूसाठी बोलावलंय."