मागची अर्धी सीट

गाडी घ्यायला आलेला माणूस शोरूममध्ये शिरला की आधी स्टिअरिंगमागं जाऊन बसतो. मी बाजूचं दार उघडलं, मधली सीट पुढं लोटली आणि कमरेत वाकून थेट शेवटच्या रांगेत घुसलो. गाडी दाखवणारी मुलगी बघतच राहिली. तिला वाटलं असणार, म्हातारा वाट चुकला. वाट चुकायला काय झालंय मला? मला तिथंच बसायचं होतं.

मी येडशीच्या शाळेत पीटीचा मास्तर होतो. उभा जन्म गळ्यात शिट्टी अडकवून पोरं रांगेत उभी केली. बुटकी पुढं, उंच मागं. मी स्वतः ताडमाड, त्यामुळं लहानपणापासून मागच्या रांगेतलाच. आवाज मोठा, डोकं गरम. पोरं माघारी काय म्हणायची ते मला ठाऊक आहे, इथं सांगत नाही. निवृत्त झालो, आणि ज्याच्यावर ओरडावं असं घरात कुणी राहिलं नाही. बायको होती तोवर ती उलटं ओरडायची, ते बरं होतं. ती जाऊन तिसरं वर्ष लागलंय. आता सकाळी दूधवाल्याशी दोन शब्द, संध्याकाळी फाट्यावरच्या हॉटेलात चार, बाकी दिवसभर टीव्ही बोलतो नि मी ऐकतो.

लेक पुण्यात असतो. तो, सूनबाई, एक नात, एक नातू. व्याही आणि विहीणबाई पोरांना सांभाळायला म्हणून तिकडं गेले ते तिथंच राहिले. माणसं भली आहेत. मला त्यांचा राग नाही. राग येतो तो याचा, की राग यावा असं ते काहीच करत नाहीत. त्यांची जुनी गाडी पाच जणांची. गावाकडं यायचं ठरलं की कुणाला तरी मागं ठेवावं लागायचं, आणि म्हाताऱ्यांना एकटं कसं ठेवायचं म्हणून येणंच पुढं ढकललं जायचं. ते म्हातारे म्हणजे तिकडचे. इकडच्या म्हाताऱ्याचं काय, तो सवयीचा आहे.

तर लेकाचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर तो म्हणाला, "अप्पा, मोठी गाडी घेतोय. तीन रांगांची, सात सीटची. आपण बरोब्बर सात."

मी म्हटलं, रेंज नाही, परत बोल. रेंज नीट होती. मला परत ऐकायचं होतं.

पुण्यात नंबर लागायला लई दिवस जाणार होते, आमच्याकडं लवकर मिळते असं कुणीतरी त्याला सांगितलेलं. दोन गाड्यांवर त्याचं मन होतं. एक धाराशिवला बघायला मिळत होती, दुसरी सोलापूरला. पुढचं सगळं मी इथं बघितलंय, मागचं तुम्ही बसून बघा, तुम्हालाच बसायचंय, असं तो म्हणाला. एखाद्याला हे लागलं असतं. मला नाही लागलं. मागं का होईना, माझी जागा धरूनच तो गाडी घेत होता.

आणि या गाडीवर माझं आणखी एक काम अडलं होतं. आमच्या घरात देवीची परडी आहे. वेताची उथळ टोपली, आत कवड्यांची माळ आणि कुंकू. वर्षातनं एकदा ती तुळजापूरला न्यायची, देवीला भेटवायची, पीठ-मीठ घालून भरून आणायची. नेताना ती भुईवर टेकवायची नाही, सामानावर ठेवायची नाही, घरातल्या बाईमाणसानं मांडीवर धरायची. आणि आमच्यात परडी एकट्यानं नेत नाहीत. घरची सगळी माणसं मिळून जातात. बायको गेल्यापासून ती देवघराच्या खुंटीवरच होती. येडशीहून तुळजापूर ते किती लांब, रोज दहा गाड्या जातात, पण एकटा परडी घेऊन गेलो असतो तर देवीनं विचारलं असतं, बाकीची कुठं आहेत?

धाराशिवची गाडी पांढरी. उंच एवढी की पायदानावर पाय देऊनच चढावं लागतं. जुन्या पद्धतीच्या लोखंडी सांगाड्यावर बांधलेली, डिझेलवर चालणारी, दांडगी. पुढं बसलं की रस्त्यावरची बाकी माणसं खालून जातात असं वाटतं. ज्याला स्वतःची ऐट करायचीय त्यानं डोळे मिटून हीच घ्यावी. पण शेवटच्या रांगेत सीट इतकी ठेंगणी की माझे गुडघे हनुवटीला आले. शाळेत शिक्षा म्हणून मी पोरांना असंच बसवायचो. बायपासला चक्कर मारली तर प्रत्येक खड्डा आधी माझ्या डोक्याला कळायचा, मग बाकीच्यांना. शिवाय ती मागची सीट अखंड. पाडली तर सगळी पाडा, ठेवली तर सगळी ठेवा. ठेवली की डिकीत दोन पिशव्या उभ्या राहतील एवढीच जागा.

सोलापूरची काळी. जरा बुटकी, पेट्रोलवर चालणारी, चढताना धाप लागत नाही. मधली सीट रुळावर पुढं-मागं सरकते, त्यामुळं पुढच्याला थोडी दया आली तर मागच्याचे गुडघे सुटतात. शेवटच्या रांगेत एसीची हवा येते, फोन चार्ज करायला जागा आहे, पाण्याची बाटली ठेवायला खळगा आहे. काच मोठी. बाहेरचं दिसतं. मी बसलो तो उठेचना. मुलगी म्हणाली, काका, चहा सांगू का? मी म्हटलं, इथंच द्या. तिनं खरंच तिथं आणून दिला, आणि मी तिसऱ्या रांगेत बसून चहा प्यालो. बरोबर डावीकडं. ही माझी, असं मी ठरवून टाकलं.

मग तिनं मागचं दार उघडून आणखी एक गंमत दाखवली. शेवटची सीट मधोमध दुभागलेली. एक पट्टा ओढला की अर्धी पडते, अर्धी उभी राहते. एक माणूस बसूनसुद्धा मोठ्या बॅगा आरामात जातात. मी स्वतः पट्टा ओढून बघितला. पाडली, उभी केली, परत पाडली. काय डोकं चालवलंय गाडीवाल्यांनी! तिथनंच लेकाला फोन लावला आणि भाषणच ठोकलं. पांढरी नको, ती पुढं बसणाऱ्यांची गाडी आहे. काळी घे, मागच्याला माणसात धरते. आणि ती अर्धी पडणारी सीट सोडू नको, सामानाची कटकट मिटते. त्यानं लगेच ऐकलं. लेकानं माझं इतक्या झटक्यात ऐकायची ही पहिलीच खेप असेल. त्या दिवशी सोलापूरहून येताना एसटीत मी शेजारच्या माणसाला दोन्ही गाड्यांतला फरक तोंडपाठ सांगितला. बिचारा शेतीचं औषध घेऊन चालला होता, त्याला पंपाची पंचाईत.

गाडी मिळाली. लेक सोलापुरातनं ती परस्पर पुण्याला घेऊन गेला. पूजा सगळ्यांनी मिळून तुळजापूरला करायची ठरली. मंगळवार देवीचा, पण पुण्याच्या लोकांचा वार शनिवार, म्हणून शनिवार धरला. मी परडी खाली काढून पुसली, नवी माळ ओवली. शेजारच्या वहिनींना सांगून पुरणपोळ्या करून घेतल्या. फाट्यावरच्या हॉटेलात बातमी मीच पसरवली. दोघं-तिघं म्हणाले, मास्तर, आता तुमची मजा आहे. मी म्हटलं, मजा कसली, मागं बसायचंय. आणि मनातनं असा खुश होतो की विचारू नका. इस्त्रीचा सदरा घालून सकाळपासून ओट्यावर बसलो.

बार्शीकडनं आले ते उशिराच आले. काळी गाडी दारात उभी राहिली, चार घरची माणसं बाहेर आली. नात-नातू पाया पडले, विहीणबाईंनी घर स्वच्छ ठेवलंय म्हणून कौतुक केलं. चहा झाला. पोळ्या खायला वेळ नव्हता, त्या डब्यात भरल्या. बोलता बोलता कळलं की ते तुळजापूरहून पुढं अक्कलकोटला मुक्कामाला जाणार आहेत आणि तिकडनंच पुण्याला. व्याह्यांची बरेच दिवसांची इच्छा होती. म्हणजे रात्री माझ्याकडं कुणी राहणार नव्हतं. मी गाद्यांना ऊन दिलं होतं.

मग निघायला म्हणून परडी घेऊन गाडीपाशी गेलो. मागचं दार उघडं होतं. शेवटच्या सीटचा डावा अर्धा भाग पाडलेला, आणि त्यावर छतापर्यंत बॅगा. उजव्या अर्ध्यावर नातीची उशी. मधल्या रांगेत व्याही, विहीणबाई आणि पट्ट्यांच्या खुर्चीत बांधलेला नातू. पुढं सूनबाई. लेक किल्ली हातात घेऊन उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग बॅगांकडं, मग परत माझ्याकडं. तोंड एवढंसं झालं त्याचं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी बाप म्हणून सांगतो. माणसं सात मोजली होती. मुक्कामाचं सामान कुणी मोजलंच नव्हतं. पुण्यातनं निघताना सहा जण निघाले, सीट रिकामी दिसली, बॅगा टाकल्या. सातव्याची आठवण येडशीला आली.

बॅगा इथं ठेवा म्हणावं तर त्या परत न्यायला कोण येणार होतं? नातवाला मांडीवर घेतो म्हणावं तर ती खुर्ची सुटत नव्हती. सूनबाई खाली उतरायला लागली, मी एसटीनं येते म्हणाली. ते कसं चालेल?

मी म्हटलं, "बसा तुम्ही. मला हल्ली गाडीत मळमळतं. एसटीनं येतो मागनं, तुळजापुरात भेटू."

तुम्हाला खरं सांगतो, लेकाच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव दिसला ना, तो दिसला नसता तर बरं झालं असतं. बाकी सगळं मी पचवलं होतं. त्यानं दोनदा खरंच का म्हणून विचारलं, आणि तिसऱ्यांदा विचारायच्या आत मीच दार लावलं. परडी नातीच्या मांडीवर दिली. भुईवर टेकवायची नाही, सामानावर ठेवायची नाही, एवढं समजावलं. तिनं दोन्ही हातांनी धरली. गाडी वळली, आणि ओट्यावर पोळ्यांचा डबा तसाच राहिला.

फाट्यावर आलो तर हॉटेलातल्यांनी विचारलं, मास्तर, तुम्ही न्हाय गेले? मी म्हटलं, मोबाइल विसरला होता, थांबलो. खिशात मोबाइल वाजत होता. पहिली एसटी गच्च भरून गेली, दुसरी धाराशिवपर्यंतच होती, तिथनं तिसरी. तुळजापुरात उतरलो तेव्हा त्यांचं दर्शन झालं होतं, गाडीची पूजाही उरकली होती. त्यांचा तरी काय दोष, व्याह्यांना ऊन सोसवत नव्हतं आणि पोलीस गाडी उभी करू देत नव्हता. स्टँडच्या बाहेर रस्त्याच्या कडेला लेक माझी वाट बघत थांबला होता. बोनेटवर झेंडूचा हार, चाकांपाशी चिरडलेल्या लिंबाचा चोथा. हळदीकुंकू लागलेल्या काचेवरनं हात फिरवून मी त्याला गाडी चांगली दिसते म्हणालो. मागनं हॉर्न वाजायला लागले.

नातीनं शेवटच्या काचेतनं बघितलं, मग पुढं वाकून मधल्या दारातनं परडी माझ्या हातात दिली. भरलेली होती. ती म्हणाली, "आजोबा, मी कुठेच खाली टेकवली नाही."

शाब्बास म्हणायचं होतं. तोवर गाडी हलली. ते सोलापूरच्या रस्त्याला लागले, मी महाद्वारापर्यंत जाऊन बाहेरनंच हात जोडले. परडी घेऊन रांगेत उभं राहायचं धाडस झालं नाही. देवीनं तेच विचारलं असतं.

परतीची एसटी निम्मी रिकामी होती. पुढं जागा होती, मधे होती. मी सवयीनं मागं जाऊन बसलो. शेजारची सीट मोकळी, तरी परडी मांडीवरच धरली. पाय मात्र छान लांब करता आले.

धाराशिव सोडलं आणि लेकाचा फोन आला. अक्कलकोट जवळ आलं होतं, सगळे मजेत होते. मागं कुणीतरी हसत होतं.

"अप्पा, ती अर्धी पडणारी सीट लई कामाला आली बघा," तो म्हणाला. मनापासून म्हणाला. "ती नसती तर पंचाईत झाली असती. तुम्ही बरोबर सांगितलं होतं."

मी म्हटलं, "मग? बसून बघितली होती मी."