राजाची मोटार, पाटलाची काटकसर

चिंचवडला मुंबई रस्त्याच्या कडेला आमचं गॅरेज होतं आणि गॅरेजच्या मागे भंगाराचा ढीग होता. गिऱ्हाईक नवा पार्ट बसवून निघून जायचं, जुना आमच्याकडे टाकून जायचं. किस्स्यांचंही तसंच. माणसं गाडी घेऊन जायची आणि आपला मूर्खपणा आमच्याकडे सोडून जायची. भंगार निदान वजनावर विकता येतं, किस्से कोण घेणार? ते साठत गेले. त्यातला निम्मा ढीग एकट्या सर्जेराव पाटलांचा आहे, म्हणून आज त्यांचाच उपसतो.

गॅरेज वसंता मिस्त्रींचं. मी त्यांच्या हाताखाली फिटर. सर्जेराव रहाटणीचे. पिंपरीच्या बाजूची त्यांची जमीन कारखान्यात गेली, पैसा हातात आला आणि डोक्यात शिरला. संस्थानं तेव्हा नुकतीच विलीन झालेली. राजेलोक मोटारी विकायला काढत होते. सर्जेरावांनी पुण्याच्या एका दलालाला गाठून एक विलायती मोटार उचलली. आठ सिलिंडर, कातडी सीटा, दाराला चांदीची फुलदाणी! पैसे थोडे कमी पडले, तेव्हा बायकोच्या हातातल्या पाटल्या मोडल्या.

गाडी पहिल्यांदा गॅरेजला आली. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि हळूच बंद केलं.

"पाटील, पेट्रोल किती पिते ते विचारलंत का?"

"महाराजांनी कधी इचारलं न्हाई. मी कशाला इचारू?"

"महाराजांकडे संस्थान होतं!"

सर्जेराव हसले. म्हणाले, "त्यांना काटकसर ठावी नव्हती, म्हणून तर इकावी लागली."

त्यांची बायको सोनाबाई. आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो. त्यांचं मागणं एकच होतं. माहेर ताथवड्याला, तिथे म्हातारी आई. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत चाललेला आणि ऑपरेशनचं नाव काढलं की म्हातारी दार लावून घ्यायची. वहिनी म्हणायच्या, "मला पुण्या-मुंबईला न्हाई फिरायचं. आईच्या दारात मोटारीतून उतरायचंय. तिला दिसतंय तवर, येकदाच!"

रहाटणी ते ताथवडे म्हणजे काही काशी नव्हे. पण सर्जेराव म्हणायचे, "नेतो की. रस्ता जरा सुधरू दे."

* * *

उतार लागला की सर्जेराव इंजिन बंद करायचे. उतार संपला की गाडी थांबायची आणि चढ लागला की धक्का मारायला माणसं लागायची. त्यावर त्यांनी तोडगा काढला. वाटेत कोणी हात केला की त्याचे दंड बघायचे. दंड बरे असतील तरच गाडीत घ्यायचं!

एकदा काळेवाडीजवळ तालमीतले तीन पैलवान भेटले. सर्जेराव खूश. तिघांना मागच्या सीटवर बसवलं. गाडी मागून इतकी खाली बसली की ती सपाट रस्त्यावरही चढ चढल्यासारखी रडायला लागली. पैलवान उतरले, ढकलू लागले. थोडं चालली की बसले. पुन्हा रडायला लागली की उतरले.

नदीच्या काठापर्यंत हाच खेळ. शेवटी त्यातला थोरला पैलवान घाम पुसत खिडकीशी आला.

"पाटील, राग मानू नगा. आमी चालत जातो. जरा लौकर पोचायचंय."

* * *

हॉर्न वाजवला की बॅटरी उतरते, म्हणून सर्जेराव खिडकीतून मान काढून "सरका की रं!" असं ओरडायचे. घसा बसला की डॉक्टरकडे जायचे. डॉक्टरची फी आणि बॅटरीचं चार्जिंग यांचा मेळ मी त्यांना एकदा घालून द्यायला गेलो, तर म्हणाले, "घसा घरचा हाय."

घरचं ते फुकट, हा त्यांच्या काटकसरीचा पाया होता. बाहेरची वस्तू आणायची म्हटली की त्यांच्या पोटात दुखायचं. इंजिन ऑइल बदलायची वेळ आली, मिस्त्रींनी तसं सांगितलं, तर सर्जेराव तोंड वाकडं करून निघून गेले. आम्हाला वाटलं दुसऱ्या गॅरेजला गेले. गेले होते घरी.

दोन दिवसांनी त्यांचा निरोप आला, ताबडतोब या. आम्ही सायकली काढून रहाटणीला पोचलो, तर गावभर भज्यांचा वास! गाडीभोवती निम्मं गाव जमलेलं. पाटलांनी इंजिनात करडईचं तेल घातलं होतं. स्वतःच्या शेतातली करडई, स्वतःच्या समोर घाण्यावर काढलेलं.

"भेसळ न्हाई मिस्त्री. येकदम शुद्ध!"

"ते कळलं वासावरून."

गर्दीतले एक म्हातारबाबा पुढे आले. त्यांना ऐकू कमी यायचं, नाक मात्र ठीक होतं. त्यांनी पाटलांच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "पंगत कितीला बसायची?"

इंजिन खोलून चिकटा खरवडायला आम्हाला आठवडा लागला. त्या खर्चात विलायती ऑइल घालून पाटलांची मोटार कितीतरी पावसाळे सुखाने चालली असती. मिस्त्री एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी कांदा चिरून आणा, म्हणजे आमचीही सोय होईल."

* * *

टायर झिजू नयेत म्हणून गाडी घरी असली की तिची चाकं काढायची, गाडी विटांवर ठेवायची आणि चाकं माळ्यावर टांगायची, हा आणखी एक शोध. गाडी गोठ्यात, म्हशीच्या शेजारी. तिच्यावर कडब्याच्या पेंढ्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, कडब्याची गंज रचलीय.

एके दिवशी सर्जेराव गॅरेजला आले ते बसमधून.

"गाडी?" मिस्त्रींनी विचारलं.

"कोंबडी बसलीय."

"कुठं?"

"मागच्या सीटवर. खुडूक झालीय. अंड्यांवर बसलीय ती, आता उठवायची कशी? पिल्लं निघाली की आणतो सर्विसिंगला."

त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, उलट हिशेब जमल्याचं समाधान होतं! कातडी सीट ऊबदार असते म्हणे, एकही अंडं वाया जात नाही. एका राजाने कलकत्त्याहून कुठलेसे कारागीर बोलावून ती सीट शिवून घेतली होती, असं दलालाने त्यांना सांगितलं होतं. ते आठवून मला त्या राजाचीच दया आली.

पुढे काही कामाने आम्ही रहाटणीला गेलो, तेव्हा वहिनी अंगणात धान्य पाखडत होत्या. गोठ्यातून पिल्लांची चिवचिव ऐकू येत होती.

मिस्त्री हसून म्हणाले, "वहिनी, झाली का बाळंतीण मोकळी?"

वहिनी हसल्या नाहीत. सूप खाली ठेवून म्हणाल्या, "कोंबडी बसली मोटारीत. तिची पिल्लं बसली. म्या अजून न्हाई!"

आतून सर्जेरावांचा आवाज आला, "नेतो म्हनलं न्हवं? रस्ता सुधरू दे!"

"रस्ता सुधरंल. डोळं सुधरायचं न्हाईत," वहिनी म्हणाल्या. आम्ही निमूट सायकली काढल्या. तोवर मला सर्जेरावांचं हसू येत असे. त्या दिवसापासून राग येऊ लागला.

* * *

पोळ्याला बैलांना सजवतात, तशी सर्जेरावांनी मोटार सजवली. बॉनेटला हिंगुळाचा लाल रंग, दिव्यांना चमकता बेगड, पुढे गोंड्यांची माळ, टपावर झूल. लोकांनी नावं ठेवली तर म्हणाले, "माझं वाहन हाय. मी पुजंन." इथवर माझीही काही तक्रार नव्हती. वाहनाची पूजा आम्हीही करतो. पण यांनी पुरणपोळीचा घास रेडिएटरच्या तोंडात सारला! बैलांना देतात ना, मग हिला का नाही? पुढे तो घास काढायला मला सळई घेऊन अर्धा दिवस बसावं लागलं, ते सोडा.

त्याच दिवशी दुपारी ताथवड्याहून वहिनींचा भाऊ आला. मी तिथेच होतो, पोळ्याचं जेवायला बोलावलं होतं. भाऊ म्हणाला, "आक्का, आईचा डावा डोळा गेला. उजव्यानं सावली सावली दिसतीय. तुजी लई आठवण काढतीय."

वहिनी तशाच उठल्या. हात धुतले आणि नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "चला. काढा मोटार."

सर्जेराव ताटावरून न उठता म्हणाले, "आज? आज पोळा हाय. आज जुंपायची न्हाई. सालातनं येक दिस तिला सुट्टी."

माझ्या मनात आलं, पुरणाचं वाटण याच्या डोक्यावर थापावं!

वहिनी म्हणाल्या, "मोटारीला पोळा हाय. बैलांना पोळा हाय. मला कदी?"

त्यांनी पुरणपोळ्या फडक्यात बांधल्या, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि भावाबरोबर ताथवड्याला चालत गेल्या. पाटलांनी दुसऱ्यांदा तूप मागितलं.

* * *

पुढे ताथवड्याला जत्रा आली आणि सर्जेरावांना एकाएकी रस्ता सुधारलेला दिसला! रस्ता होता तसाच होता. पण जत्रेला आसपासची गावं लोटणार, सगळे जावई येणार आणि त्यात मोटारवाला जावई एकच. हे गणित कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं होतं. वाटेत काही झालंच तर असावेत म्हणून त्यांनी मिस्त्रींना आणि मलाही जत्रेचं जेवण कबूल करून बोलावलं.

सकाळी आम्ही पोचलो. वहिनी नवी इरकल नेसून, हिरवा चुडा भरून दारात उभ्या. केसात अबोलीचा गजरा. मी त्यांना इतकं खुलून हसताना कधी पाहिलं नव्हतं. उजव्या डोळ्याला अजून थोडं दिसतंय, असा निरोप आदल्या दिवशीच आला होता.

त्यांनी मोटारीच्या दाराला हात घातला, तोच सर्जेराव म्हणाले, "थांब थांब! तू छकड्यातनं ये मागनं."

"काय?"

"रस्ता खाचखळग्याचा. दोघांचं वजन पडलं तर स्प्रिंगा बसतील. वेशीपाशी आलं की बस की मोटारीत. उतरायचं मोटारीतनंच हाय न्हवं तुला? मग झालं तर!"

आणि मग आमच्याकडे वळून म्हणाले, "तुमीबी छकड्यातच बसा. हत्यारांची पेटी लई जड हाय."

अशी आमची वरात निघाली. पुढे राजाची मोटार, तिच्यात एकटे सर्जेराव. मागे धूळ खात बैलांचा छकडा, त्यात कासरा धरलेल्या पाटलीणबाई, मिस्त्री, मी आणि पेटी. वेस येईपर्यंत कळ काढायची, असं वहिनींनी ठरवलेलं दिसत होतं. इरकलीवर धूळ बसू नये म्हणून त्यांनी वरून गोधडी पांघरली होती.

वाकड ओलांडलं आणि पुढची मोटार खोकायला लागली. मग शिंकली. मग मागून काळा धूर सोडून ओढ्याच्या अलीकडे गप्प झाली. छकडा थांबला. मिस्त्री उतरले, बॉनेट उघडलं, वाकून वास घेतला आणि पाटलांकडे बघितलं.

"पेट्रोलमध्ये रॉकेल ओतलंत?"

"थोडंसंच. घरात हुतंच म्हून."

मिस्त्रींनी बॉनेट बंद केलं. बाभळीखाली जाऊन बसले आणि शांतपणे विडी पेटवली. "टाकी धुवावी लागेल. आज काही होत नाही."

"आज जत्रा हाय, मिस्त्री! समदा गाव वाट बघतोय!"

"मग त्यांना कंदील लावायला सांगा. तेल तुमच्याकडे आहेच."

सर्जेराव मोटारीभोवती फिरू लागले. चाकाला लाथ मारली, मग टायरची काळजी वाटून तिथेच हाताने पुसलं. देवाचं नाव घेतलं. दलालाच्या आईचं घेतलं.

वहिनी छकड्यातून उतरल्या. गोधडी घडी करून आत ठेवली. पदर खोचला. बैल सोडले, छकडा बाभळीखाली उभा केला आणि जाड दोराचा नाडा घेऊन मोटारीपाशी आल्या. बंपरला नाड्याची घट्ट गाठ मारली. बैल पुढे जुंपले आणि नवऱ्याला म्हणाल्या, "बसा आत. चाक धरा."

"आगं, लोकं काय म्हनतील?"

"बसा!"

सर्जेराव बसले.

वहिनी कासरा धरून पुढे चालू लागल्या. आम्ही दोघे पेटी उचलून मागे. वेस आली. जत्रेतली माणसं दुतर्फा गोळा झाली, कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी हसून जमिनीवर बसलं. सर्जेरावांनी फेटा पुढे ओढून तोंड झाकलं. वेशीपाशी मोटारीत बसायचं ठरलं होतं, पण वहिनी थांबल्या नाहीत. सरळ चालत माहेरच्या दारापर्यंत गेल्या.

म्हातारी ओट्यावर उभी होती, भुवईवर हात धरून, उरलेल्या डोळ्याने रस्ता चाचपत. घुंगरांच्या आवाजावर खाली उतरली. लेकीच्या तोंडावरून हात फिरवला, चुडा चाचपला, गजऱ्याचा वास घेतला. मग बैलांच्या वशिंडांवर हात ठेवून हसली.

"सोने, बैलं झ्याक हायत गं! पर त्यांच्या मागं ह्ये येवढं काय वढून आणलंस?"

वहिनी नाडा सोडत म्हणाल्या, "जावई हाय तुजा."