चिंगीचं ठरवणारे

माझी मावशी पडदे शिवते. पुढच्या खोलीत मशीन, भिंतीला टेकवलेले कापडाचे तागे आणि मशीनखाली, तिच्या पायाशी, चिंगी. चिंगी म्हणजे तांबूस रंगाची, आखूड पायांची कुत्री. तिला खायला घालते मावशी, आंघोळ घालते मावशी, गोचिड्या काढते मावशी. आणि तिचं काय करायचं ते ठरवणार कोण? शेजारच्या दारातले आप्पा, म्हणजे मावशीचे मोठे दीर! या घराला रंग कुठला द्यायचा तेही आप्पाच ठरवतात, मग कुत्रीनेच काय घोडं मारलंय?

चिंगी सहा-सात महिन्यांची असताना डॉक्टर बाईंनी तिला तपासलं. म्हणाल्या, "पहिल्यांदा माजावर यायच्या आत नसबंदी करून घेऊ. एवढ्याशा चणीच्या कुत्रीला आता चालेल. लांबवू नका."

मावशीने घरी येऊन सांगितलं. आप्पांनी चहाचा कप खाली ठेवला.

"एकदा तरी आई होऊ दे की तिला! बाईच्या जातीला त्याशिवाय पूर्णत्व नाही. आणि एकदा व्याली की कुत्री शांत होते."

कुठल्या शाळेत शिकवतात हे, कोण जाणे. "एकदा व्यायला हवी असं काही नसतं," हे डॉक्टर बाईंनी मावशीला आपणहून सांगितलं होतं. पण काका, म्हणजे मावशीचा नवरा, जन्मभर एकच वाक्य बोलत आलेत, "आप्पा म्हणतात ते बरोबर आहे." तेव्हाही तेच बोलले. मावशीने मान खाली घालून शिवण पुढे ओढली. मला तिचासुद्धा राग आला.

"मग तुमच्या टायगरची तरी नसबंदी करा," मी आप्पांना म्हटलं.

डॉक्टर बाई कात्री घेऊन त्यांच्याच अंगावर आल्यासारखं त्यांनी तोंड केलं. "नराचा जोम जातो त्याने!" तो जोमदार टायगर दिवसभर गल्लीत उंडारायचा आणि आमच्या दाराशी येऊन लोळायचा. त्याला कोणी आवरायचं नाही. दार लावून बसायचं ते आम्ही.

व्हायचं ते झालं. चिंगीचं पोट दिसायला लागलं तशी लोकांनी पिल्लं आधीच सांगून ठेवली. इस्त्रीवाल्याने एक, सायकलवाल्याने एक, आप्पांच्या साहेबांनी एक. आप्पा खूश. पण सगळ्यांनी सांगितला होता कुत्रा, आणि कुत्र्या झाल्या तर काय, हे एकानेही विचारलं नव्हतं. चिंगीला पाच पिल्लं झाली, त्यांत चार माद्या. एकुलता एक नर साहेब घेऊन गेले. बाकीचे वाकून शेपटाखाली बघायचे, "घरी विचारून सांगतो" म्हणायचे आणि जायचे ते जायचेच. तोवर चिंगीच्या बरगड्या मोजता येतील एवढी ती सुकली.

पिल्लं खायला लागली होती. एका दुपारी मावशी गिऱ्हाइकाकडे पडदे लावायला गेली, तेवढ्यात आप्पांनी चारही पिल्लं खोक्यात भरली आणि मंडईमागे नेऊन सोडली. "तिथे खायला मिळतं," म्हणाले. मावशी आणि मी धावत गेलो. खोकं होतं, पिल्लं नव्हती. एक गाडीखाली आलं, बाकीच्यांचं माहीत नाही, असं भाजीवाली म्हणाली. त्यानंतर कितीतरी दिवस चिंगी कापडाचे तागे हुंगत घरभर फिरायची. आई व्हायला हवं होतं ना तिने? झाली!

"पुढच्या वेळी नर जास्त होतील," आप्पा म्हणाले. पुढच्या वेळी! मी काही बोलणार तोच मावशीने माझा हात दाबला.

या वेळी तिने घरात कोणालाच विचारलं नाही. दूध पूर्ण आटू दे, मग आणा, असं डॉक्टर बाई म्हणाल्या होत्या. तेवढी ती थांबली. मग एका सकाळी मशीनवर झाकण घातलं, चिंगीला कडेवर घेतलं आणि गेली. संध्याकाळी चिंगी पोटाला टाके आणि मानेभोवती प्लास्टिकचं नरसाळं घेऊन परत आली आणि दाराच्या चौकटीला दोनदा धडकली.

आप्पा बघायला आले. "अरेरे! त्या मुक्या जिवाचं बाईपण काढून घेतलंस तू."

मावशीला मूल नाही. घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. मावशी उठून उभी राहिली.

"आप्पा, मलाही मूल नाही. इतकी वर्षं तुमच्या घरात राबतेय. माझ्यात काय कमी आहे ते एकदा माझ्या तोंडावर सांगा. कुत्रीच्या आडून नको."

आप्पांनी सवयीने काकांकडे पाहिलं. मीही पाहिलं. आता ते नेहमीचं वाक्य येणार!

"आप्पा, तुम्ही घरी जा," काका म्हणाले. "आणि तुमचा टायगर बांधून ठेवत जा."

आप्पा चपला घालून निघून गेले. काका मावशीजवळ येऊन उभे राहिले. शाबासकीची वाट बघत असावेत. मावशीने चिंगीच्या मानेचं नरसाळं जरा सैल केलं आणि त्यांच्याकडे न बघताच म्हणाली,

"हे तेव्हा बोलायचं होतं."