सुजलेल्या नाकाचा फोटो

खोबरेल तेलात हळद कढली की माझं नाक अजून ठणकतं. लग्न आठवड्यावर आलेलं, चापाची नथ मी आणूनही ठेवली होती. पण होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "आमच्यात टोचलेलंच नाक लागतं," आणि मला छावणी बाजारातल्या सोनाराकडं घेऊन गेल्या. त्यानं सुई न उकळताच खुपसली. जखम चिघळली, तरी त्या न धुतलेल्या बोटानं हळद-तेल चोपडत राहिल्या. "लई नाजूक गं तू!" मांडवात त्या सुजलेल्या नाकात जड नथ त्यांनीच अडकवली. फोटोग्राफर म्हणाला, "वहिनी, सूज एडिट करून काढतो." मी म्हटलं, "हात लावायचा नाय." तोच फोटो मोठा करून मी हॉलमध्ये टांगलाय. पाहुण्यांनी नाकाचं विचारलं की मी स्वयंपाकघराकडं बघून गोड हाक मारते, "आई, बाहेर या, तुम्हीच सांगा."