जप्तीच्या यादीतलं पातेलं

शुक्रवार, १९ ऑगस्ट १९८८. आमच्या खानदेशातली श्रावणातली देवी, कानबाई, दोन दिवसांवर आली होती आणि मी तिच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू निवडत बसले होते. निवडत होते म्हणजे हात चालू होते, मन नव्हतं. चार वर्षांपूर्वी धुळ्याला आमची तेलाची घाणी बुडाली, कोर्टाने यांना नादार ठरवलं, आणि आम्ही जळगावला भाड्याच्या दोन खोल्यांत आलो. तेव्हापासून मी घरात कानबाई बसवली नव्हती. जिने घर राखलं नाही तिला चौरंग कशाला, असं मी यांना तोंडावर म्हटलं होतं. यंदा हे फक्त एवढंच म्हणाले, "तू निव्वळ गहू निवड. बाकीचं मी बघतो." यांनी चार वर्षांत कशाचा हट्ट धरला नव्हता, म्हणून मी सूप हातात घेतलं.

माझा जीव वेगळ्याच ठिकाणी अडकला होता. मी ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, करून विकत असे. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या ग्राहक भांडाराने ते उन्हाळ्यात घेतले, लोकांना आवडले, आणि वर्षभराची मागणी येणार होती. पण भांडार रोख देत नाही, चेक देतं, तोही माझ्याच नावाच्या खात्यात भरायचा. आणि खातं मला कुणी उघडू देत नव्हतं. तीन महिने चेक पत्र्याच्या डब्यात पडून होता. आदल्या दिवशी भांडाराचं पोस्टकार्ड आलं होतं: या आठवड्यात चेक भरला नाही तर हिशेब बंद करून मागणी दुसऱ्या बाईंना देऊ. दुसऱ्या बाई कोण ते मला माहीत होतं. त्यांचे बिबडे तळले की तेल पितात.

अडचण पैशाची नव्हती, ओळखीची होती. फॉर्मच्या तळाशी एक चौकोन असतो. तिथे बँकेच्या जुन्या खातेदाराने सही करायची, की या बाईंना मी ओळखतो. मी आधी कोपऱ्यावरच्या किराणावाल्या भाऊंना विचारलं होतं. ते म्हणाले, "सही नका मागू, ताई. साखर उधार मागा, आत्ता देतो." एका लांबच्या नातेवाइकाने चष्मा सापडत नाही म्हणून सांगितलं. चष्मा त्याच्या कपाळावर होता. त्यानंतर मी कुणाला विचारलं नाही. विचारायचा माझा स्वभावच नाही. शेजारी मिरच्या मागायलासुद्धा मी कधी गेले नाही.

गहू झाकून ठेवले आणि दहा वाजता बँकेत गेले. खिडकीवरचे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी फॉर्म वाचला, आडनाव पुन्हा वाचलं आणि आवाज खाली आणला. "बाई, मिस्टरांचं प्रकरण आमच्या धुळ्याच्या शाखेत झालंय. तुमचं खातं वेगळं, मान्य. पण निदान ओळख तरी पक्की आणा."

"माणूस मी आहे, खातं माझं आहे, मग ओळख दुसऱ्याची कशाला?" मी म्हटलं.

"नियम आहे, बाई."

मी बाकावर येऊन बसले. समोर तो रिकामा चौकोन. मला देवापुढे रडता येत नाही, कधी आलं नाही. त्या दिवशी मात्र, का कोण जाणे, मनात म्हणाले, "कानबाई, माझं करून झालं. आता तू बघ." नवस नाही, काही नाही. दमलेला माणूस डोक्यावरचा भारा खाली ठेवतो, तसं.

शेजारी एक टोपीवाले आजोबा येऊन बसले. पेन्शनीतून पैसे काढायची चिठ्ठी भरायची होती. "ताई, पेन देता का जरा?"

मी पेन दिलं आणि सवयीने म्हटलं, "टोपण माझ्याकडे राहील. पेनं परत येत नाहीत."

आजोबा हसले, आणि हसता हसता थांबले. माझ्याकडे नीट पाहून म्हणाले, "तुम्ही धुळ्याच्या ना? घाणीवाल्या? पातेलं लिहायला लावणाऱ्या?"

माझे कान तापले. ते कोर्टाचे बेलिफ होते. आमच्या घरची जप्ती त्यांनी केली होती. मी त्यांना ओळखलं नव्हतं, कारण त्या दिवशी मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलंच नव्हतं. उठून जावं असं वाटलं, पण माझं पेन त्यांच्या हातात होतं. त्यांची नजर फॉर्मवर गेली. त्यांनी तो उचलला आणि सरळ खिडकीवर गेले. मी मागे धावले.

"यांची ओळख मी देतो. माझं खातं इथलंच."

"नाना, तुम्ही यांना कसे ओळखता?"

"यांच्या घरची जप्ती मीच केली."

साहेब म्हणाले, "अहो, जप्तीची ओळख कुठे चालते का?"

"का नाही चालणार? पंचवीस वर्षं लोकांच्या घरातलं सामान लिहिलं मी, साहेब. बायका डबे पदराखाली घेतात. एक म्हातारे तर चांदीच्या वाटीवर बसून राहिले, दुपारपर्यंत उठले नाहीत. मी यांच्या घरून निघालो, गल्लीच्या टोकापर्यंत पोचलो, तर या बाई मागून हाका मारत आल्या. म्हणे, मोठं पातेलं लग्नघरी दिलंय, ते राहिलं, लिहा. मी म्हटलं जाऊ द्या, तर माझ्यावरच ओरडल्या."

साहेबांनी चौकोनात नानांची सही घेतली. मग फॉर्म घेऊन मॅनेजरांच्या खोलीत गेले. बाहेर आले ते पासबुक घेऊनच. चेक त्याच दिवशी भरला.

खरं सांगायचं तर ते पातेलं मी प्रामाणिकपणाने लिहायला लावलं नव्हतं. भांड्यांसाठी नावाजलेल्या सोनगीरचं, जड पितळेचं, लग्नात माहेरून आलेलं पातेलं. मला राग आला होता. न्यायचंच तर सगळं न्या, उद्या कुणी म्हणायला नको की या बाईने काही दडवलं. हे तेव्हा मला वेडी म्हणाले होते. शुद्ध ताठा होता तो, आणि त्या ताठ्याबद्दल मी आजही शरमत नाही. पण माझ्या रागातून केलेली गोष्ट कुणीतरी चार वर्षं जपून ठेवली, आणि मी भारा खाली ठेवला त्याच घटकेला, माझंच पेन मागत, ती मला परत आणून दिली. याला कुणी योगायोग म्हणावं, माझी हरकत नाही. मी कानबाईची कृपा म्हणते.

पेन परत देताना नानांनी विचारलं, "यंदा कानबाई बसवताय ना?"

"बसवते," मी म्हटलं. "खिरीला या."

शनिवारी सकाळी आंघोळ करून मी मागच्या बोळापलीकडच्या अक्कांच्या दारात गेले. त्या सोनगीरकडच्या. त्यांच्या फळीवरचं मोठं पितळेचं पातेलं मला चार वर्षं माझ्या ओट्यावरून दिसत होतं.

"अक्का, कानबाईच्या खिरीला पातेलं द्याल का?"

अक्कांनी कंबरेवर हात ठेवले. "चार वरीस व्हयनात, आज तोंड उघडनं का? लई जाय. आनि कलई करेल शे, घासू नको जास्ती!"

त्यांनी उतरवून दिलेलं पातेलं मी डोक्यावर घेतलं, आणि नेहमीसारखी मागच्या बोळाने न जाता पुढच्या रस्त्याने, किराणावाल्या भाऊंच्या दुकानासमोरून, घरी आले.