शमीमचं किनाऱ्याजवळचं पाणी

फोन शमीमच्या शेजारणीचा होता. "ताई, शमीम मॅडम गेल्या... झोपेतच." मी भाजी चिरत होते. विळी बाजूला सारली. कुणाला कळवावं, असा विचार करू लागले, तर तिची अम्मी आणि मावशी सोडून तिचं आणखी कुणी आठवेना.

पाचोडची शमीम आणि मी कॉलेजात एका बाकावर बसायचो. पुढं मी शाळेत शिकवू लागले. ती समुद्राच्या मागं लागली. उपग्रह वरून पाण्यावर रडारच्या लहरी सोडतो आणि त्या परत यायला किती वेळ लागला त्यावरून समुद्राची पातळी कळते, हे मला तिनंच समजावलं. भर समुद्रात हे सोपं. किनाऱ्याजवळ मात्र जमिनीवरून परतलेल्या लहरी त्यात मिसळतात, म्हणून तिथली मोजमापं बहुतेक जण टाकून देत. शमीम नेमकी तीच घेऊन निवडत बसायची. "माणसं तर तिथंच राहतात गं," ती म्हणायची, "आणि तिथलंच पाणी कुणी हिशेबात धरत नाय." समुद्रकाठच्या संस्थेनं तिला बोलावलं होतं, पण अम्मीला विसरायला होऊ लागलं आणि ती पुंडलिकनगरच्या घरातूनच काम करत राहिली. लोक विचारायचे, संभाजीनगरात कुठला समुद्र? ती नुसती हसायची.

एकदाच, अम्मीला मावशीकडं ठेवून, आम्ही दोघी कोकणात गेलो. उपग्रह डोक्यावरून जाईल त्या वेळी खाडीच्या तोंडाशी रोवलेल्या पट्टीवर पाणी कुठवर आहे, ते तिला वाचायचं होतं. मासळी वाळवणाऱ्या एका बाईनं विचारलं, "वर काय बघताव?" शमीम म्हणाली, "वरून तुमचं पाणी मोजतायत." बाई म्हणाली, "मग त्यांना सांगा, उधाणाला आता ते माझ्या वाळवणात येतं." शमीमनं तेही वहीत टिपून घेतलं. पुढं काही आठवड्यांनी ती माझ्या दारात उभी राहिली, आत यायचंही भान नव्हतं. "जुळलं, उज्ज्वला. पट्टीत आणि उपग्रहात बोटभरच फरक."

"मग पेढे वाट की."

"कुणाला वाटू?" ती म्हणाली. मग आम्ही दोघीच पेढे खात बसलो...

परवा अम्मीला भेटायला गेले. आता मावशी तिथं राहते. अम्मीनं मला ओळखलं. "उज्ज्वला बेटा, शमीम दर्या पे गई ना?" मावशीनं मान खाली घातली. मी म्हणाले, "हौ अम्मी, वहींच है." तिचं समाधान झालं. तिनं मावशीला चहा ठेवायला लावला, माझा कप माझ्या हातात दिला, आणि दुसरा भरून त्यावर बशी झाकली... शमीम आल्यावर पिईल म्हणून.